कोऱ्या फिल्टरला मोगऱ्याचा वास

डॉ. सुलभा खैरनार यांना मी पहिल्यांदा पाहिले ते नाशिकच्या द्वारका चौकात, उड्डाणपुलाखाली. हातात काळी छत्री, पायात कापडी बूट आणि भोवती रिक्षावाल्यांचा गराडा. एवढा वेळ एका जागी उभ्या असलेल्या बाईंना कुठेतरी जायचे असणारच, अशी त्या सगळ्यांची खात्री होती. बाईंना कुठेही जायचे नव्हते. त्या आमचा पहिला तास घ्यायला आल्या होत्या.

हवा गुणवत्ता व्यवस्थापन आणि धोरण या विषयाच्या पदव्युत्तर वर्गात मी नुकताच प्रवेश घेतला होता. नाव एवढे लांब की गावाकडे कुणी विचारले तर सांगता सांगता समोरचा माणूस दुसरीकडे बघू लागे. विभागाच्या फळ्यावर खडूने लिहिले होते, 'पहिला तास : द्वारका, पुलाखाली. वही नको.' आम्हाला ती वरच्या वर्गाने केलेली थट्टा वाटली. तरी भीतभीत गेलो. मॅडमनी आम्हाला रांगेत उभे केले आणि म्हणाल्या, "डोळे मिटा, श्वास घ्या आणि कशाचा वास येतो ते सांगा."

पहिला मुलगा आत्मविश्वासाने म्हणाला, "प्रदूषणाचा."

"प्रदूषणाला वास नसतो," मॅडम म्हणाल्या. "डिझेलला असतो, जळक्या रबराला असतो, तुंबलेल्या गटाराला असतो. काय आहे ते सांगा."

माझी पाळी आली तेव्हा शेजारून एक ट्रक नुकताच गेला होता. मी लासलगावकडचा. तो वास ओळखायला मला डोळे मिटायचीही गरज नव्हती. मी म्हणालो, "कांदा. थोडा सडलेला." सगळी मुले फिदीफिदी हसली. मॅडम हसल्या नाहीत. "आजचं पहिलं बरोबर उत्तर," असे म्हणून त्यांनी माझे नाव विचारले. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो, असे म्हणायला हरकत नाही.

घरी मात्र या शिक्षणाबद्दल आनंदीआनंद होता. आमच्या वडिलांचे म्हणणे, पोरगा हवेची डिग्री घेऊन पुढे हवाच खाणार. दुसऱ्या सहामाहीच्या तोंडावर त्यांनी मला परत बोलावले. मी मॅडमना सांगितले आणि सामान बांधायला लागलो. त्या दुसऱ्याच दिवशी लासलगावच्या बाजार समितीत हजर! वडील लिलावाच्या रांगेत ट्रॅक्टर लावून बसले होते. मॅडम सरळ ट्रॉलीच्या फळीला टेकून उभ्या राहिल्या आणि मी काय शिकतो आहे ते त्यांनी वडिलांना समजावून सांगितले. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "नोकरी लागंल का?"

"सांगता येत नाही," मॅडम म्हणाल्या.

मला वाटले, संपले. पण वडील लिलाव उरकून घरी आले आणि आईला म्हणाले, "बाई खोटं बोलत नाय. राहू दे त्याला तिथंच." आजही आमच्या घरी मॅडमचा विषय निघाला की आई त्यांना 'सांगता येत नाही म्हणणाऱ्या बाई' म्हणते.

मॅडमच्या शिकवण्यात लाडाचे प्रकार कमी आणि सवयी लावणे फार. शोधनिबंध लिहून झाला की त्याचा सारांश एका पानात, मराठीत लिहायचा आणि जिथली हवा मोजली तिथल्या लोकांसमोर उभे राहून वाचायचा. मार्गदर्शक समितीपुढे फाडफाड बोलणारी मुले ग्रामसभेत घामाघूम होत. धोरण हा विषय त्या इथेच शिकवीत. सूक्ष्म धूलिकण म्हणजे काय, हे एखाद्या आजोबांना सांगताना आपलेच आपल्याला कळते की नाही ते उघडे पडते, असे त्यांचे म्हणणे. आमच्या वर्गात एकलहऱ्याला वीज केंद्रात नोकरी करणारे दोघे होते. पाळी सांभाळून तासाला येत. इतर मुले धुराड्यांवरून त्यांना टोमणे मारू लागली तेव्हा मॅडम उठल्या आणि वर्गातले दिवे, पंखे सगळे बंद केले. ऐन एप्रिलची दुपार. "आता बोला," त्या म्हणाल्या. त्यानंतर त्या दोघांना कुणी काही बोलले नाही.

पण मॅडमची खरी ओळख सांगायची तर 'कोऱ्या'ची गोष्ट सांगावी लागते. त्यांच्या निवृत्तीनिमित्तच्या गौरवग्रंथासाठी लिहितो आहे असे मी फोनवर सांगितले तेव्हा त्या आधी वैतागल्या आणि मग म्हणाल्या, "लिहायचंच असेल तर उदबत्तीचं लिही. नुसतं गोड लिहिलंस तर मी तो ग्रंथ घरात घेणार नाही." तेव्हा पुढचा मजकूर त्यांच्या आज्ञेने.

हवेतली धूळ आम्ही मोजतो ती अशी : पांढऱ्या कागदासारखा एक गोल फिल्टर यंत्रात बसवायचा, त्यातून ठरावीक वेळ हवा ओढायची आणि फिल्टरचे आधीचे व नंतरचे वजन घ्यायचे. वाढलेले वजन म्हणजे त्या जागची धूळ आणि काजळी. मॅडमच्या शिस्तीत दर खेपेला एक जादा फिल्टर बरोबर जातो. तो यंत्रात बसवत नाहीत. सगळ्यांबरोबर जातो आणि सगळ्यांबरोबर तसाच परत येतो. आम्ही त्याला 'कोरा' म्हणतो. परत आल्यावर त्याचे वजन जसेच्या तसे भरले पाहिजे. भरले नाही, तर वाढलेली धूळ त्या गावची नाही, आपल्या हाताची. पुष्कळ ठिकाणी हा कोरा नावापुरता नेतात. मॅडम मात्र त्याच्याकडे बघितल्याशिवाय बाकीच्या आकड्यांना हात लावू देत नसत.

मी शेवटच्या वर्षात असताना शहराच्या कडेच्या एका मळ्यांच्या वस्तीतली माणसे विभागात आली. झेंडू, शेवंती आणि पालेभाज्या पिकवून नाशिकच्या बाजारात आणणारी ही कुटुंबे. त्यांच्या शाळेला लागून डांबर-खडीचा एक प्लांट उभा राहिला होता. मुले खोकून बेजार झाली होती. त्या माणसांत पुढे होत्या मथुराबाई. फुलांचा मळा एकहाती सांभाळणारी, कुणाला न जुमानणारी बाई. त्यांची नात त्या शाळेत चौथीत होती आणि तिला दमा जडला होता. दसऱ्यानंतर लगेच प्लांटबद्दल सरकारी सुनावणी होती. मथुराबाई म्हणाल्या, "आमी बोंबलतो तं कुनी ऐकत नाय. तुमी मोजून द्या."

आम्ही शाळेच्या गच्चीवर यंत्र बसवले, मोजले आणि फिल्टर घेऊन परत आलो. वजनापूर्वी फिल्टर वजनाच्या खोलीत तबकांत उघडे ठेवावे लागतात, म्हणजे त्यांतला ओलावा खोलीच्या हवेशी जुळतो. तसे ते ठेवले आणि दुसऱ्या दिवशी आली खंडेनवमी.

आमच्या विभागात यंत्रांची पूजा होते. विज्ञान शिकवणाऱ्या बाई मोजमापाच्या यंत्रांना हळदकुंकू लावतात म्हणून शेजारच्या विभागातले प्राध्यापक चिडवीत. त्यावर मॅडमचे उत्तर ठरलेले असे, "स्वतःच्या स्कूटरला हार घालताना तुम्हाला काही वाटत नाही ना?" सूक्ष्म वजनकाटा म्हणजे विभागाचा देव. तो हलवायचा नसतो, म्हणून पूजा त्याच्याच खोलीत. मॅडमनी स्वतः घरून आणलेल्या मोगऱ्याच्या उदबत्त्या लावल्या. आम्ही सगळ्यांनी नमस्कार केला, पेढे खाल्ले, दार ओढून घेतले आणि आपापल्या घरी गेलो. तबके तिथेच कोपऱ्यात होती. ती कुणालाच दिसली नाहीत, कारण त्या दिवशी आम्ही देवघरात आलो होतो, प्रयोगशाळेत नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वजने घेतली. आकडे एवढे मोठे निघाले की आम्ही मुलांनी टाळ्या पिटल्या. लोकांच्या फुप्फुसांत जाणाऱ्या धुरासाठी टाळ्या! पण आता प्लांट उठणार याचाच आनंद होता. मॅडम आल्या आणि त्यांनी विचारले, "कोरा?"

कोऱ्याचे वजन वाढले होते.

मॅडमनी तो चिमट्याने उचलला. काट्यावर पुन्हा ठेवला. पुन्हा उचलला. मग त्यांनी जे केले ते आम्ही द्वारकेच्या पुलाखाली शिकलो होतो. त्यांनी डोळे मिटले, कोरा नाकाजवळ नेला आणि म्हणाल्या, "मोगरा."

खोलीत कुणी हसले नाही. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तोड सुचवली : कोऱ्याचे वाढलेले वजन बाकीच्यांतून वजा करा आणि आकडे द्या. मॅडम म्हणाल्या, "कोरा भिंतीकडे होता. बाकीचे उदबत्तीच्या जवळ होते. कुणी किती धूर घेतला, मला माहीत नाही. माहीत नाही ते मी वजा कसं करू?" सहकारी म्हणाले, "अहो, पण प्लांटचा धूर तर खराच आहे ना? सुनावणी परवावर आली." मॅडमना हे ठाऊक नव्हते असे थोडेच! त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

मोठा आकडा निघाल्याचे ऐकून वस्तीतली माणसे सुनावणीला टेम्पो करून आली होती. मॅडम उभ्या राहिल्या आणि एकेक शब्द स्वच्छ उच्चारत म्हणाल्या, "आमचे आकडे मी मागे घेते. फिल्टर उघडे असताना त्या खोलीत मी उदबत्ती लावली. चूक माझी आहे. आम्हाला पुन्हा मोजायला वेळ द्यावा." सभागृहात हशा उसळला. प्लांटच्या बाजूची माणसे सगळ्यांत मोठ्याने हसली. अधिकाऱ्यांनी दिवाळीनंतरची तारीख दिली आणि तोपर्यंत प्लांट चालू ठेवायला मुभा मिळाली.

बाहेर आलो तर टेम्पोजवळ कुणीतरी म्हणाले, "मॅडम फुटल्या." मथुराबाई पुढे आल्या. नातीचा हात त्यांच्या हातात होता.

"आकडा आमच्याच बाजूचा व्हता ना?" त्या म्हणाल्या. "मंग तुमचं काय जात व्हतं?"

"तो आकडा खोटा होता, मथुराबाई."

"उदबत्तीचा एवढासा धूर तुमच्या कागदाला लागला तं तुमी सभा थांबिवली. ही पोर रोज खाती तो धूर कोन थांबिवनार?"



दिवाळीच्या आधी त्या मुलीला दम्याचा मोठा झटका आला आणि तिला दवाखान्यात ठेवावे लागले. कळले तसे मॅडम गेल्या. मी बरोबर होतो. खोलीच्या दारातच मथुराबाईंनी अडवले. "आता हिचं बी वजन करायला आल्या का?" मॅडम बाहेरच्या बाकावर बसल्या. मुलीला बरे वाटते आहे असे नर्सने सांगेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. मग मथुराबाईंना दिसणार नाही अशा बेताने उठून गेल्या. परतताना गाडीत त्या एकच वाक्य बोलल्या, "ती तारीख मी घालवली, शिरीष."

पुन्हा मोजायचे तर यंत्राला वीज हवी. शाळेची वीज भरवशाची नव्हती. पहिल्या वेळी वायर मथुराबाईंच्या घरातून घेतली होती. त्यांच्याकडे जायला आमच्यापैकी कुणीच तयार होईना. मॅडम एकट्या निघाल्या. मी मागोमाग गेलो. मथुराबाई वाफ्यात झेंडू तोडत होत्या. त्यांनी वर पाहिले नाही. मॅडम चपला बांधावर काढून वाफ्यात उतरल्या आणि शेजारची ओळ धरून फुले तोडायला लागल्या. बराच वेळ दोघीही तोडत राहिल्या. मॅडम मनातून हलल्या की त्यांची घरची अहिराणी भाषा तोंडात येते. तशी ती आली.

"चूक मन्ही शे, बाई," त्या म्हणाल्या.

मथुराबाईंचा हात थांबला. "तुमी बागलानच्या का काय?"

"सटाण्याच्या."

"फुलं अशी नाय तोडत. देठ राहू द्या," मथुराबाई म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "वायर घ्या."

या खेपेला मॅडम रोज शाळेच्या गच्चीवर जाऊन बसत. मुले मधल्या सुट्टीत वर येऊन यंत्र बघत. मॅडम त्यांना सांगत, याच्याजवळ धावायचे नाही आणि उदबत्ती लावायची नाही. मुलांना त्यातले धावायचे नाही एवढेच कठीण वाटे.

नवे आकडे पहिल्यापेक्षा कमी निघाले. तरी प्लांट चालू असलेल्या आणि वारा शाळेकडे असलेल्या दिवशी ते मर्यादेच्या वर होते. सुनावणीत प्लांटच्या तज्ज्ञाने खोचकपणे विचारले, "मागच्या वेळी उदबत्ती होती, या वेळी काय लावलं होतं?" मॅडमनी कोऱ्यांची वजने पुढे ठेवली. सगळी जशीच्या तशी होती. अधिकारी तज्ज्ञाला म्हणाले, "मागची चूक तुम्ही पकडली होती का? यांनीच सांगितली ना?" धूर अडवण्याची व्यवस्था होईपर्यंत प्लांट बंद, आणि नंतरही शाळेच्या वेळेत चालवायचा नाही, असा निर्णय झाला. प्लांट पूर्ण उठला तो आणखी काही वर्षांनी. मथुराबाई त्या दिवशी मॅडमना न भेटता सभागृहातून सरळ टेम्पोत जाऊन बसल्या.

तेव्हापासून आमच्या विभागात खंडेनवमी अंगणात होते. हलवता येणारी यंत्रे बाहेर येतात. वजनकाट्याला मॅडम दाराच्या उंबऱ्यातूनच नमस्कार करीत आल्या. पण या हकिकतीला कुणी विजय म्हटले की त्या अस्वस्थ होतात. दर वर्षी पहिल्या सहामाहीच्या शेवटच्या तासाला त्या ही गोष्ट सांगत आणि विचारत, "तुम्ही काय केलं असतं?" काही जण म्हणत, वजाबाकी करून आकडा दिला असता. काही म्हणत, मागे घेतला असता. दोघांनाही त्या पुढचा प्रश्न विचारत, "आणि ती पोर?" उत्तर त्यांनी कधी दिले नाही. मला वाटते, त्या विद्यार्थ्यांची परीक्षा घेत नव्हत्या. त्यांना खरेच जाणून घ्यायचे होते.

आता मॅडम निवृत्त झाल्या आणि विभाग माझ्याकडे आला. या वर्षी तेवढ्या एका तासासाठी मी त्यांना बोलावले. त्या आल्या, तीच काळी छत्री घेऊन. गोष्ट सांगून झाली. प्रश्न विचारून झाला. नव्या वर्गात मागच्या बाकावर वैष्णवी नावाची एक मुलगी बसते. हुशार, पण कामापुरतेच बोलणारी. तिने हात वर केला.

"मी आकडा मागे घेतला असता, मॅडम."

"आणि ती पोर?" मॅडमनी नेहमीप्रमाणे विचारले.

मुलगी उभी राहिली. "ती पोर मीच, मॅडम."

माझ्याही कधी लक्षात आले नव्हते. मॅडम तिच्या बाकापाशी गेल्या.

"दमा कसा आहे आता?" त्यांनी विचारले.

"थंडीत थोडा होतो. बाकी बरा आहे."

"आजी?"

"मळ्यात. आता वाकवत नाही, पण ऐकत नाही." वैष्णवीने पुढे सांगितले, "मला दुसऱ्या कॉलेजलाही प्रवेश मिळत होता, मॅडम. आजीला विचारलं. आजी म्हणाली, 'त्या उदबत्तीवाल्या बाईच्या तिथंच जाय. तिथं चुकलं तं सांगत्यात.'"

मॅडम रडल्या. आम्ही कुणी त्यांना कधी रडताना पाहिले नव्हते, आणि त्यांनीही ते लपवले नाही. मग त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि वैष्णवीला विचारले, "तुमच्या पहिल्या तासाला द्वारकेला तू काय सांगितलंस? कशाचा वास आला?" वैष्णवी म्हणाली, "टेम्पोत झेंडू होता." मॅडम माझ्याकडे बघून हसल्या.

मॅडम, तुम्ही सांगितलेत तसे उदबत्तीचे लिहिले. गोड कमीच आहे, तेव्हा ग्रंथ घरात घ्यायला हरकत नसावी. तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, गुडघे धड राहोत आणि श्वास मोकळा राहो. मथुराबाईंनी निरोप धाडला आहे की येत्या खंडेनवमीची फुले त्यांच्या मळ्यातून येतील, आणि तोडायला तुम्ही यायचे आहे. देठ राहू द्यायचे, एवढे लक्षात ठेवा.